जास्त किमतीचा स्वेटर

१

फाटलेल्या पार्सलातून पिवळा स्वेटर पडायला हवा होता. पडली ती पाच सोन्याची मनगटी घड्याळं, कापसात गुंडाळलेली. त्यातलं एक फरशीवर घरंगळत जाऊन वजनकाट्याच्या पायाशी थांबलं, आणि परदेशी टपालाच्या हॉलमध्ये कोणालाच वाकून ते उचलावंसं वाटलं नाही.

हे दुपारी सव्वाबाराला झालं. त्याच्या पाच मिनिटं आधी लोकरआजी परतीच्या खिडकीवर आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत कायम लोकरीचा गुंडा असायचा, म्हणून हे नाव. चार महिन्यांपूर्वी नातवाला पाठवलेलं पार्सल परत आल्याचं कार्ड त्यांना घरी मिळालं होतं.

"परत का आलं ते मला कळत नाही," आजी म्हणाल्या. "पण आलंच आहे तर द्या. पोर आता मोठं झालं असेल, उसवून मोठ्या मापाचा विणते."

परतीच्या खिडकीवर रावसाहेब बसायचे. हे त्यांचं खरं नाव नव्हे. इस्त्री न मोडलेला शर्ट आणि मऊ बोलणं यांमुळे हॉलनेच ते दिलेलं. त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. "आजी, पार्सल सापडत नाहीये. तुम्ही कशाला हेलपाटा घातलात? उद्या मीच घरी पोचवतो."

"सापडत नाही कसं? ते काय, खाली दिसतंय. माझ्या जुन्या चादरीचं कापड आहे ते, निळ्या पट्ट्यांचं. मी ओळखणार नाही?"

शेजारी शिवणकाका उभे होते. लोक आणतील ते पार्सल तपासून झाल्यावर कापडात शिवायचं, हे त्यांचं काम. आजींना ताटकळत ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी हात घालून पार्सल ओढलं. फळीचा खिळा कापडात अडकला, कोपरा टरकन फाटला, आणि बाकीचं सगळ्यांनी पाहिलं.

पोस्टमास्तर आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी आधी घड्याळं पाहिली, मग पार्सलावर चिकटवलेला कस्टमचा फॉर्म वाचला. 'लहान मुलाचा विणलेला स्वेटर, एक. भेट.' मग त्यांनी मान वर केली आणि दाराजवळच्या टेबलाकडे पाहिलं.

"दार लावून घ्या," ते म्हणाले. "हे अक्षर कोणाचं आहे, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

२

अक्षर ताईंचं होतं.

परदेशी भेट पाठवायची तर तो फॉर्म भरावा लागतो. आत काय आहे, किंमत किती, भेट आहे की विकायचा माल. लोकांना तो पाहूनच घाम फुटायचा. ताई परवाना घेऊन दाराशी टेबल टाकून बसायच्या आणि तो भरून द्यायच्या. चौदा वर्षं झाली. नवरा गेल्यापासून घर त्या टेबलावर चाललं होतं, आणि लेकीच्या नर्सिंगचं अजून एक वर्ष बाकी होतं.

आता त्याच टेबलापासून दहा पावलांवर, वजनाच्या खोलीत, त्यांना बसवून ठेवलं होतं. खोलीला एक दार आणि गजाची खिडकी. दारात शिपाई.

कस्टमची तपासणी अधिकारी एक वाजता आली. तिशीची, केस घट्ट बांधलेले, आवाज एका पट्टीत. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. तिने घड्याळं मोजून पाकिटात घातली आणि समोर बसली.

"चार वाजता आमची गाडी येते. तोवर कोणी बाहेर जाणार नाही. चार वाजता कोणाला तरी मी बरोबर नेणार आहे." तिने फॉर्म ताईंसमोर सरकवला. "ही किंमत वाचा."

ताईंनी वाचली.

"लहान मुलाच्या स्वेटरची ही किंमत?"

"जास्त आहे," ताई म्हणाल्या.

"चार दुकानं फिरलात तरी एवढा महाग स्वेटर मिळणार नाही. का लिहिलीत? मी सांगते. आत स्वेटर नव्हताच. घड्याळं जात होती, आणि ती हरवली तर भरपाई मिळावी म्हणून किंमत वाढवली. तिकडे कोणी घेतली नाहीत, म्हणून परत आली. फॉर्म भरणाऱ्याला आतला माल ठाऊक होता."

"मी फक्त सांगतील ते लिहिते, मॅडम. किंमत आजींनी सांगितली होती. मी तर कमी…" ताईंनी ओठ मिटून घेतले.

"कमी काय?"

"काही नाही."

मॅडमनी त्या गप्प बसण्याचीही नोंद घेतली आणि आजींना आत बोलावलं. आजी खुर्चीच्या कडेवर बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. ताईंना वाटलं, सुटले. आजी दर खेपेला त्यांच्यासाठी विड्याच्या पानासारखी जपून चार बोरं आणायच्या, 'अगं ताई' म्हणून गालावर हात ठेवायच्या.

"आजी, किंमत कोणी ठरवली?"

आजींनी ताईंकडे पाहिलं नाही.

"मला म्हातारीला काय कळतंय त्यातलं?" त्या म्हणाल्या. "ताईंनीच लिहिली."

३

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला काहीतरी वाचवायचं असतं. आजी स्वतःला वाचवत असत्या तर ताईंना एवढं नवल वाटलं नसतं. पण घड्याळं पडली तेव्हा ताईंनी आजींचा चेहरा पाहिला होता. तो चोरी पकडली गेलेल्याचा चेहरा नव्हता. आजी आधी बुचकळ्यात पडल्या होत्या, आणि मग, दोन-तीन श्वासांनंतर, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या मधल्या वेळात त्यांना काहीतरी समजलं होतं.

मॅडम पोस्टमास्तरांच्या खोलीत गेल्या. शिवणकाकांनाही वजनाच्या खोलीत आणून बसवलं.

"आता मी पण चोर," काका म्हणाले. "बावीस वर्षं सुई टोचून घेतली, त्याचं बक्षीस."

"काका, त्या दिवशी आत स्वेटर होता ना?"

"होता की. पिवळा, बदकाची बटणं. काउंटरवर तपासला, शिक्का मारला, मी शिवला. बदकं पाहून हसलोसुद्धा. पण माझं ऐकतंय कोण?"

पार्सल काट्याच्या टेबलावरच पडलं होतं. हात लावायचा नाही अशी ताकीद होती, बघायला बंदी नव्हती. काका मान पुढे काढून बघत राहिले.

"ताई, ही शिवण माझी नाही."

"कशावरून?"

"मी दोरा दुहेरी घेतो. प्रवासात आपटतं ना. हा एकेरी आहे. माझी शिवण उसवून कोणीतरी त्याच भोकांतून परत शिवलंय. काम बरं आहे, पण आळशी आहे."

ताईही वाकल्या. शिवणीच्या बरोबर मधोमध एक लेबल आडवं चिकटवलेलं होतं. परदेशातल्या टपालखात्याचं, 'शुल्क भरले नाही, प्रेषकाकडे परत' असं सांगणारं. एकेरी दोऱ्याचे टाके त्या कागदाखालून फुगीर दिसत होते. लेबल कुठेही चिरलेलं नव्हतं.

म्हणजे शिवण आधी, लेबल नंतर. आणि लेबल तिकडचं.

ताईंनी शिपायाकरवी मॅडमना बोलावलं आणि दाखवलं. मॅडमनी भिंग काढून पाहिलं, नखाने लेबलाची कड चाचपली.

"ठीक," त्या म्हणाल्या. "अदलाबदल परदेशात झाली. घड्याळं बाहेर गेली नाहीत, आत आली. परत आलेला माल आपलाच धरतात. त्यावर ड्युटी नाही, तपासणीही नाही. चांगली वाट शोधली. पण तिकडच्या माणसाला इकडून पार्सल पाठवणारं कोणीतरी लागतं. स्वेटरवर ही किंमत घालणारं. तो फॉर्म अजून तुमचाच आहे."

काका सुटले. ताई तिथेच राहिल्या.

सव्वातीनला रावसाहेब पाण्याचा ग्लास घेऊन आले. शिपायाने त्यांना अडवलं नाही, रावसाहेबांना कोणी अडवत नसे.

"ताई, मी तुमच्या भल्याचं सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "किंमत लिहिताना चूक झाली म्हणा. दंडावर भागेल. मी मॅडमशी बोलतो. फाटे फोडत बसलात तर चौदा वर्षांचे फॉर्म काढतील. त्यांत काय काय लिहिलंय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

ते गेल्यावर ताईंनी पाण्याला हात लावला नाही. त्यांना सुटायची वाट दिसली होती. रावसाहेबांना ती आधीच दिसली होती, म्हणून तर ते ती बंद करायला आले होते.

४

साडेतीनला सगळ्यांना वजनाच्या खोलीत बोलावलं. पोस्टमास्तर उभे, काका भिंतीला टेकून, रावसाहेब दारापाशी, आजी खुर्चीवर.

"मला काही सांगायचंय," ताई म्हणाल्या. "त्यात माझंही नुकसान आहे. पण ऐका."

"बोला."

"मॅडम, चौदा वर्षांत माझ्यासमोर येऊन बसलेला प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगतो. किंमत कमी लिहा. प्रत्येक देशाची एक मर्यादा असते. भेट त्या किमतीच्या आत असली की ड्युटी लागत नाही, पार्सल थेट घरी जातं. मर्यादेच्या वर गेली की ज्याला भेट पाठवली त्यालाच पैसे भरावे लागतात. भेट देऊन वर भुर्दंड कोणाला द्यायचा असतो? म्हणून लोक कमी सांगतात. आणि मी कमी लिहिते."

पोस्टमास्तरांनी खाकरून घसा साफ केला.

"ते खोटं घोषणापत्र होतं," मॅडम म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय कबूल करताय?"

"कळतंय. म्हणूनच मघाशी गप्प बसले. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही." ताईंनी फॉर्मवर बोट ठेवलं. "हजारो लोकांत एकाच बाईने मला उलटं सांगितलं. आजी, मी तुम्हाला म्हटलं होतं, स्वेटरच आहे, कमी लिहू, नातवाला ड्युटी बसेल. तुम्ही म्हणालात, 'नको, सांगितलंय तेवढीच लिही.' चारही वेळा."

आजींची नजर पिशवीवरून हलली नाही.

"चार वेळा?" मॅडमनी विचारलं.

"दोन वर्षांत चार स्वेटर. मॅडम, चोरटा माल पाठवणारा किंमत वाढवेल का? पार्सल कोणाच्या डोळ्यांत येऊ नये असंच त्याला वाटेल. किंमत मुद्दाम वाढवतो तो एकाच कारणासाठी. पार्सलावर ड्युटी बसावी म्हणून."

"ड्युटी बसून कोणाचा फायदा?"

"ड्युटी बसली की पार्सल घरी जात नाही. पैसे भरेपर्यंत तिकडच्या गोदामात फळीवर पडून राहतं. तीन आठवडे. तोवर पैसे आले नाहीत तर लेबल लावून परत. स्वेटर कमी किमतीचा असता तर तिकडे उतरल्यावर चौथ्या दिवशी नातवाच्या अंगात गेला असता. तो फळीवर थांबायला हवा होता. म्हणून किंमत."



"कल्पना छान आहे," रावसाहेब हसून म्हणाले. "पण गोदामं काय कमी आहेत तिकडे? फळीवरचं पार्सल उसवायला तिथे आपला माणूस नको का? ताई कथा रचतायत, मॅडम. पावणेचार झाले."

"माणूस आहे," ताई म्हणाल्या. त्यांना पुढचं वाक्य नको होतं. आजींनी त्यांच्यावर बालंट आणलं होतं, तरी नको होतं. "दर खेपेला आजी मोठ्या कौतुकाने सांगायच्या. जावई तिकडे टपालाच्या गोदामात लागलेत. शुल्क न भरलेल्या पार्सलांचा विभाग त्यांच्याकडे आहे."

"ते तिकडे जायच्या आधी इथेच होते," शिवणकाका सावकाश म्हणाले. "परतीच्या खिडकीवर. सहा वर्षं. रावसाहेबांच्या हाताखाली."

५

मॅडमनी दोन वह्या मागवल्या. बाहेर जाणाऱ्या पार्सलांची आणि परत आलेल्यांची. ताईंनी महिने सांगितले, पोस्टमास्तरांनी पहिल्या वहीतून आजींच्या आधीच्या तीन पार्सलांचे नंबर काढले, मॅडमनी ते दुसऱ्या वहीत शोधले. तिन्ही सापडले. तिन्ही परत आलेले. तिन्हींपुढे 'प्रेषकास दिले' आणि रावसाहेबांची सही.

"आजी, ही पार्सलं तुम्ही नेलीत?"

"नाही," आजी म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. "ती पोचली होती. जावयांनी फोनवर सांगितलं, मिळाली म्हणून. परतीच्या खिडकीवर मी आज पहिल्यांदा आले."

"पार्सल परत आलं की कार्ड कोण पाठवतं?"

"खिडकीवरचा कारकून," पोस्टमास्तर म्हणाले.

"मग तीन वेळा कार्ड गेलं नाही, आणि चौथ्यांदा गेलं. का?"

रावसाहेब टपालाच्या गर्दीबद्दल काहीतरी बोलू लागले. मॅडमनी त्यांच्याकडे न बघता आजींचं कार्ड उचललं आणि तारीख वाचली. परवाचा सोमवार.

"सोमवारी रावसाहेब रजेवर होते," काका म्हणाले. "बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन दिवस खिडकी माझ्याकडे. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचं कार्ड पाठवायचं असा नियम भिंतीवर लिहिलाय. मी पाठवलं." मग त्यांच्याही लक्षात आलं असावं. ते रावसाहेबांकडे वळले. "आज सकाळी रजेवरून आल्यावर तुम्ही मला विचारलंत, निळ्या पट्ट्यांच्या पार्सलाचं कार्ड टाकलं का. मी म्हटलं, टाकलं. तुम्ही म्हणालात, छान केलंत."

"आणि आज ते पार्सल सापडत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आजींना मात्र खिडकीबाहेरून दिसत होतं."

रावसाहेबांनी शर्टाची बाही सारखी केली. "मी वकिलाशिवाय काही बोलणार नाही," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. बोलून झाल्यावर दाराकडे एक पाऊल टाकलं, तेव्हा शिपाई या वेळी बाजूला झाला नाही.

"एकच दुवा राहतो," मॅडम म्हणाल्या. "किंमत कोणी सांगितली. वहीवरून रावसाहेब अडकतात. जावई फक्त गोदामात नोकरीला आहेत, एवढ्यावर तिकडचे लोक त्यांना हात लावणार नाहीत. आणि किंमत ताईंनी ठरवली असं तुमच्या तोंडचं वाक्य माझ्या कागदावर आहे, आजी. ते राहिलं तर मला ताईंनाही न्यावं लागेल."

ताईंना बोलावंसं वाटलं, पण मागायचं तरी काय? आपल्याला सोडवा, म्हणजे तुमच्या लेकीचा संसार मोडा. बाहेर गाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

"मुलगी एका शब्दाने कधी बोलली नाही स्वेटरबद्दल," आजी एकाएकी म्हणाल्या. "मी मनात धरून बसले. म्हटलं, तिकडच्या दुकानातले छान असतील, आईचे कशाला आवडतील. म्हणून मीही विचारलं नाही." त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "आणि ती तिकडे म्हणत असेल, आईने नातवाला साधा एक स्वेटर पाठवला नाही."



"जावयांनी सांगितली होती किंमत. फोनवर. 'जास्त लिहा, हरवलं तर भरपाई मिळते. आणि तिला सांगू नका, तिला अचानक दाखवू.' आज ती घड्याळं पडली तेव्हा मला कळलं. ताईचं नाव घेतलं, कारण ती समोर होती, आणि माझी पोर तिकडे एकटी पडली असती."

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. "हे लिहून सही करून द्यावं लागेल."

"माझा हात थरथरतो." आजींनी आता पहिल्यांदा ताईंकडे पाहिलं. "तू लिहिशील?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "लिहा. तस्करीचा आरोप तुमच्यावर राहत नाही. बाकीचं तुम्ही जे कबूल केलंत ते मात्र मला नोंदवावं लागेल. परवाना जाईल, ताई."

"ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. लेकीची फी जूनमध्ये भरायची होती. हातापाया पडून हप्ते करून घ्यावे लागणार, हे त्यांच्या डोक्यात आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी पेन उघडलं.

आजी दोन वाक्यं बोलल्या आणि अडखळल्या.

"मुलीचं नाव नको घालूस. आणि किंमत त्यांनी सांगितली असं नको, 'कोणीतरी सांगितली' असं लिही. इतक्या लोकांचं तू कमी करून लिहिलंस."

"नाही आजी."

"थोडंसं?"

"थोडंसंही नाही. हे आहे तसंच लिहावं लागतं."

आजी कागदाकडे बघत बसल्या. बाहेर गाडीचं दार उघडून बंद झालं.

"त्यांना धरलं तर ती पोराला घेऊन इकडे येईल का गं?"

"येईल कदाचित."

"मग आतली खोली रिकामी करायला हवी," आजी म्हणाल्या. "मागचं कपाट हलवायला माणूस लागेल." त्यांनी पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "लिही. माझ्या जावयाने मला सांगितलं."

ताईंनी लिहिलं.